जित्या माणसाचं रडगाणं

आमचा बँड इलेक्ट्रिक ब्लूजचा आहे, असं मी नळदुर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्या माणसानं विचारलं, "वरातीला किती पोरं असतेत तुमच्यात?" आम्ही वरातीत वाजवत नाही, असं मी सांगितलं. "मंग हळदीला?" हळदीलाही नाही. "मंग वाजवता तरी कशाला?" मग मी नेहमी करतो तेच केलं. चिडलो, आणि झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून आत न अडकलेला कागद शोधत बसलो.

झेरॉक्सचं दुकान माझं. त्याआधी मी पुण्यात इंजिनिअरिंग करायला गेलो होतो. तिथं इंजिनिअरिंग राहिलं आणि गिटार आली. घरच्यांच्या मते ही अदलाबदल म्हणजे शुद्ध गाढवपणा होता, आणि त्यांचं फार चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण होस्टेलच्या खोलीत फोनवर मी जे ऐकलं त्यानं माझं डोकं कायमचं फिरवलं. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांचं ते गाणं. पुढं ती माणसं शहरात गेली, त्यांनी गिटारीला वीज जोडली आणि दुःख मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. रचना अगदी सोपी. तीन ओळी. पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत टोला हाणायचा. मला वाटलं, हे आपल्याकडं का नाही? आपल्याकडं काय दुःखाची टंचाई आहे? आमच्याकडं कापूस जाऊन सोयाबीन आलं एवढाच काय तो फरक, आणि सोयाबीनवर अजून कुणी ब्लूज केलेलं नव्हतं.

बेस गिटार वाजवायला अणदूरचा एक मास्तर मिळाला. शाळेत गणित शिकवायचा आणि लहानपणापासून वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत वाजवत आलेला. एप्रिल महिन्यात तो आम्हाला तोंडही दाखवत नाही, सगळ्या तारखा जयंतीला दिलेल्या असतात. बाकीचे अकरा महिने तो जगातला सर्वांत शांत माणूस. बेस गिटार अशी वाजवतो, जणू शेजारच्या खोलीत कुणी समाधानानं घोरतंय.

ड्रम वाजवणारा मुरुमचा. तो बँजो पार्टीतला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बँजो पार्टी म्हणजे पिकअपवर चढवलेला आवाज. पुढं नवरदेव, मागं पिकअप, त्यावर कॅसिओ, बँजो आणि ढोलताशे. आमच्या पठ्ठ्यानं आयुष्यात कधी बसून वाजवलं नव्हतं आणि थांबलेल्या जागी तर नाहीच. संथ लय दिली की तो बेजार व्हायचा. "भाऊ, गाडी बंद पडल्यागत वाटतंय," म्हणायचा. त्यात मांडव जवळ आला की दणका वाढवायचा ही सवय हाडात मुरलेली, त्यामुळं गाणं संपत आलं की हा सुसाट सुटायचा. आमचं प्रत्येक दुःख शेवटी लग्न लागल्यासारखं संपायचं.

अॅम्प्लिफायर सोलापुरातून आणलेला, माझा आणि मास्तरचा निम्मा निम्मा. आता तो ठेवायचा कुठं, अणदूरला की नळदुर्गला, यावरून बँड पहिल्याच महिन्यात मोडायला आला. मास्तर म्हणाला माझ्या घरी राहील, मी म्हणालो माझ्या. शेवटी तोडगा मास्तरनंच काढला. आमचा खंडोबा दोन्ही गावांचा. वर्षातला बराच काळ तो अणदूरला असतो आणि थंडीत नळदुर्गला येतो, तसा करारच आहे गावांचा. मास्तर म्हणाला, "देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वाटणी पक्की दिसते. एवढी वर्षं मोडली नाही." झालं. अॅम्प्लिफायर देवाच्या करारावर चालवायचं ठरलं. थंडीत तो पिकअपमध्ये घालून नळदुर्गला आणला तेव्हा ड्रमवाला वाटभर उभा राहून वाजवत होता, आणि वेशीपाशी त्यानं आमच्या नकळत अॅम्प्लिफायरवर भंडारा उधळला. हळद जाळीतून आत गेली. पुढचे कितीतरी दिवस बेसचा खालचा सूर लागला की त्यातून पिवळी धूळ उडायची.

नळदुर्गात रियाजाला जागा होती काकूच्या मागच्या पत्र्याच्या शेडची. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमचं तिचं घर एकाच अंगणात. शेडात पूर्वी म्हशी असायच्या, आता आम्ही होतो. काकूच्या मते म्हशी बऱ्या होत्या.

काकूची आमच्या भागात एक ख्याती आहे, तिच्याशिवाय मयत पार पडत नाही. हेल काढून रडावं ते तिनंच. मी लहानपणी तिच्याबरोबर अशा ठिकाणी बरेचदा गेलोय. एसटीत ती खिडकीशी बसून शेंगा खायची, कंडक्टरशी परतीच्या गाडीवरून वाद घालायची, उतरल्यावर चहासुद्धा घ्यायची. गल्लीच्या तोंडाशी आली की पदर डोक्यावर ओढायची, आणि तिथून जो आवाज निघायचा त्यानं अख्ख्या गल्लीच्या अंगावर काटा यायचा. नाटक मात्र त्यात काडीचं नव्हतं. ती खरंच रडायची. कोपऱ्यापर्यंत शेंगा खरंच खायची आणि कोपऱ्यापासून खरंच रडायची, एवढंच. मेलेल्याशी ती थेट बोलायची, त्याच्या आवडीनिवडी काढायची, कधी त्याला चारचौघांत खडसावायचीसुद्धा. भोवतीच्या बायका मधेमधे "व्हय गं बाई" म्हणत साथ द्यायच्या.

अख्ख्या तालुक्याला रडलेली ही बाई एकाच माणसासाठी कधी रडली नव्हती. माझा काका. तो ट्रक चालवायचा. पंधराएक वर्षांपूर्वी कांद्याची गाडी घेऊन हैदराबादकडं गेला. गाडी परत आली, ती दुसऱ्या ड्रायव्हरनं आणली. काका आला नाही. अपघात नाही, भांडण नाही, चिठ्ठी नाही. अधूनमधून कुणीतरी येऊन सांगायचं, हुमनाबादला ढाब्यावर दिसला, जहीराबादला टायर बदलताना दिसला. म्हणजे तो जिवंत होता, निदान नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं काकूच्या कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि हेल काढायला बंदी. जित्या माणसाला रडलं की तो मरतो, असं आमच्याकडं मानतात. रडणं सोडाच, त्याचा विषय निघाला की काकू उठून आत जायची.

तर आमचा रियाज. गायचो मी. एका दुपारी मी माझं एक रडकं गाणं म्हणत होतो, मधेच लाईट गेली आणि त्या शांततेत दारातून काकूचा आवाज आला.

"पोट दुखलालंय का रं तुझं?"

मी म्हणालो, काकू, हे दुःखाचं गाणं आहे.

"आसं रडलं तर मढं उठून बसंल. गप पड म्हणंल."

मास्तर खो खो हसला. मला राग आला. मी म्हणालो, मग तूच म्हणून दाखव. ती म्हणाली, "कुणाला रडू? कोण मेलंय?" कुणी मेलेलं नाही म्हटल्यावर तिचं डोकंच चालेना. कुणी गेल्याशिवाय रडायचं, ही कल्पनाच तिला अश्लील वाटत होती. शेवटी ती म्हणाली, आईला रडते. तिची आई जाऊन खूप वर्षं झाली होती. ती पत्र्याच्या डब्यावर बसली, पदर ओढला. तेवढ्यात लाईट आली. मी माईक तिच्यापुढं धरला.

काय सांगू. तिनं एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली आणि तिसऱ्या ओळीत आईला विचारलं, मला इथं का दिलीस. इतकी वर्षं मी फोनवर जे शोधत होतो ते अंगणापलीकडं भाकरी थापत होतं. नंतर मी विचारलं, ओळ दोनदा का म्हणतेस? ती म्हणाली, "पैल्यांदा कुणाला ऐकू येतंय? समद्या रडलालेल्या असत्यात."

पण हे विचारणं नंतर झालं. त्याआधी दुसरंच रामायण घडलं. काकूचा हेल अॅम्प्लिफायरमधून निघालेला. तो पार बसस्टँडच्या बाजूपर्यंत गेला असणार. तिसऱ्या कडव्याला दारात दोन बायका उभ्या राहिल्या, त्यांनी काही न विचारता काकूला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली. त्यांच्या मागून चार आल्या. बाप्ये गोळा होऊन अंगणात उकिडवे बसले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या वहिनी पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आल्या. ड्रमवाला सकाळपासून उपाशी होता, त्यानं काही न बोलता एक भाकरी घेतली. कुणीतरी फोन लावून तिरडीच्या बांबूची चौकशी करत होतं. आणि मग एका म्हातारीनं हळूच विचारलं, "ह्येंची खबर आली व्हय?"

म्हणजे माझ्या काकाची. सगळ्यांना तेच वाटलं होतं. तेवढ्यात माझे वडील, अण्णा, बाजारातून तसेच धावत आले. पायात एकच चप्पल. तोंड भिजलेलं होतं, आणि तो घाम नव्हता. भाऊ गेला असं समजून ते आले होते. मी अण्णांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि बघायला मला मुळीच आवडलं नाही. काकू उठली, पदर सारखा केला आणि खाली बघून म्हणाली, "कुणी न्हाय गेलं अण्णा. रियाज चाललाय."

अण्णांचं रडणं जागच्या जागी संतापात बदललं. त्यांनी मला शिव्या दिल्या, मास्तरला नमस्कार केला कारण तो मास्तर होता, आणि पुन्हा मला शिव्या दिल्या. वहिनी भाकरीची टोपली परत घेऊन गेल्या. पुढं गावात आम्हाला एकच नाव पडलं, रडी पार्टी. बँडसाठी मी इंग्रजीत चांगली सात-आठ नावं काढून ठेवली होती. ती गेली बाराच्या भावात.

दोन दिवस काकू शेडकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि डब्यावर बसली.

"समद्यांला वाटलं, ह्येच गेले," ती म्हणाली. "म्हातारीला वाटलं, अण्णाला वाटलं. समद्यांनी मनात माझ्या नवऱ्याला कवाच जाळलंय. मंग माझ्याच तोंडाला कुलूप का?"

मास्तरनं बेसचा आवाज खाली केला. ती म्हणाली, "म्हनंन तर ह्येंचंच म्हनंन. न्हायतर तुमचं तुमी बसा बोंबलत."

गाणं तिनं भाकरी करता करता जुळवलं. पहिलं कडवं असं होतं:

पाणी तापलं, पाणी निवलं, पुन्ना म्या तापिवलं,
पाणी तापलं, पाणी निवलं, पुन्ना म्या तापिवलं,
न्हाणारं माणूस कुठं गेलं, कुणी न्हाय कळिवलं.

मला तिनं एकच सूचना दिली. "म्या थांबले की तू रड. म्या रडताना मधी कडमडू नकू." गिटारीचं शिक्षण मी पुण्यात क्लास लावून घेतलं होतं, पण कधी गप्प बसायचं हे त्या फीमध्ये नव्हतं.

अण्णांना कळलंच. ते अंगणात उभे राहून, आत न येता, मोठ्यानं बोलले. "जित्या माणसाला रडलालीस? कपाळावर कुकू हाय तुझ्या. उद्या खरंच काय झालं तर?" काकू त्यांना कधी उलट बोलत नसे. तेव्हाही ती भांडी घासत राहिली. मीच तावातावानं बाहेर गेलो आणि म्हणालो, अण्णा, रडल्यानं माणसं मरत असती तर माझं गाणं ऐकून निम्मं नळदुर्ग गेलं असतं. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत आत आलो. खरं सांगायचं तर त्यांची भीती मला कळत होती. धाकट्या भावाला त्यांनीच खांद्यावर खेळवलं होतं. तो कुठंतरी आहे, एवढ्या एका गोष्टीवर ते तग धरून होते, आणि ती गोष्ट एका गाण्यानं जाईल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आमचा पहिला कार्यक्रम हायवेवर, एका नव्या ढाब्याच्या उद्घाटनाला. मालकाला ऑर्केस्ट्रा हवा होता आणि तो कुणी मिळाला नव्हता. भर दुपारी शामियान्याखाली आम्ही उभे. ड्रमवाल्याला मी बसवलं होतं, पण त्याचं निम्मं अंग उभं होतं. पहिली दोन गाणी मी म्हटली. लोक शांतपणे जेवत राहिले. एका ट्रक ड्रायव्हरनं मालकाला बोलावून विचारलं की ह्यांना बरं नाही का. मालक माझ्याकडं बघून डोळे वटारायला लागला.

मग काकू उठली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात माईक उलथण्यासारखा धरलेला. शामियान्याच्या टोकाला, शेवटच्या बाजेवर, आमच्याकडं पाठ करून अण्णा बसलेले मला दिसले. ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. काकूनंही त्यांना पाहिलं. मला वाटलं, झालं, आता ही आईचं रडणार.

तिनं पाण्याचं गाणं धरलं.

पहिल्या ओळीला भांड्यांचा आवाज चालू होता. दुसऱ्यांदा तीच ओळ आली तेव्हा तो थांबला. तिसरी ओळ आली आणि भटारखान्यातून भाकऱ्या करणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यातली एक नकळत म्हणाली, "व्हय गं बाई." काकू थांबली की मी रडायचो, मी थांबलो की ती. मास्तरचा बेस खाली धरून होता. समोर रस्त्यावरून हैदराबादच्या गाड्या जात होत्या, आणि काकू त्यांच्याकडं बघून एकेका गाडीला विचारत होती. ड्रायव्हर लोक हातातला घास तसाच धरून बसले होते. त्यांच्यातही कुणीतरी असा घरून निघालेला असेलच. एकानं फोनवर व्हिडिओ काढला.

अण्णा शेवटपर्यंत वळले नाहीत. चहा मागवून त्यांनी तो तसाच ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर अंगणात काकूला म्हणाले, "पाण्याचं खरं हाय. त्याला कडकच लागायचं." आणि आपल्या खोलीत गेले.

व्हिडिओ फिरला, कुणीतरी त्याखाली माझा नंबरही टाकला. रडी पार्टीला अणदूरहून, मुरुमहून विचारणा येऊ लागली, एकानं तर वास्तुशांतीला बोलावलं. आम्ही गेलो. काकूनं तिथं घर बांधणाऱ्याच्या सासूला इतकं रडवलं की यजमानानं हात जोडले. मी हवेत होतो. पुढची गाणी, पुढची गावं, सगळं डोक्यात तयार होतं. आणि अशात एका दुपारी, रियाजाच्या वेळी, माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मला वाटलं कार्यक्रमाची सुपारी आली. मी स्पीकरवर टाकला.

"त्ये रडनं बंद करा," पलीकडून एक बाप्या म्हणाला. मागं हॉर्न वाजत होते. "म्या मेलो न्हाय. इथं समदे मला मेला म्हणलालेत. ढाब्यावर इज्जत ऱ्हायली न्हाय माझी."

काकूनं डोक्यावर पदर घेतला. फोनवरच्या माणसाला तो दिसत नव्हता, तरी घेतला. माझ्या हातातून फोन घेऊन तिनं तो दोन्ही हातांत धरला.

"जेवलाव का?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "व्हय."

तो माझा काका होता, लहानपणी मला ट्रकमध्ये मांडीवर बसवून स्टेअरिंग धरू देणारा. आणि तरीही त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता आपल्या गाण्याचं काय.

"येऊ का?" काका म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "तू म्हणत आसशील तर येतो."

काकूनं आमच्याकडं पाहिलं. मग दाराकडं. तिथं अण्णा येऊन उभे होते, स्पीकरचा आवाज ऐकून. ते भिंतीला धरून होते. काकू आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"बगा अण्णा. रडून काय मेले न्हाईत."

अण्णांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी नुसती मान हलवली. काकूनं फोन पुन्हा तोंडाजवळ नेला.

"या," ती म्हणाली. "पर आधी म्होरं बसून गाणं ऐकावं लागंल. शेवटपतोर. मधी उठायचं न्हाय."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. एक गाडी जवळून गेल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. ड्रमवाला हळूच म्हणाला, "लावू का पुन्ना?" काकूनं नको म्हणून हात केला. ती फोन मांडीवर ठेवून बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हेल नाही, शब्द नाही, हुंदकासुद्धा नाही. या बाईला मी आयुष्यभर रडताना ऐकत आलोय, पण असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. साथ कुठं द्यायची ते आम्हाला कळेना, म्हणून आम्ही वाजवलं नाही.